कुजबुजीत राहिलेलं वाङ्मय

२०१४ साली जयंत नारळीकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. २०१८ साली अकादमीने रत्नाकर मतकरींना पुरस्कार दिला, तो बालसाहित्याचा. दोन्ही सन्मान योग्यच होते. पण मराठी घरांत नारळीकर शिरले ते विज्ञानकथेमुळे, आणि मतकरींचं नाव रात्री दिवा न मालवता झोपलेल्या वाचकांच्या दोन पिढ्यांना आठवतं ते गूढकथांमुळे. ज्या लेखनानं वाचक मिळवले, नेमकं तेच सन्मानाच्या वेळी बाजूला राहिलं. भयकथाकार नारायण धारपांचं तर नावसुद्धा वाङ्मयेतिहासाच्या जाड खंडांत शोधावं लागतं.

याच्या उलट जी. ए. कुलकर्णी. ‘काजळमाया’ला १९७३ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला तेव्हा जी.एं.नी तो परतही केला. जी.एं.च्या कथांत नकाशावर नसलेली नगरं आहेत, भविष्य सांगणाऱ्या बाया आहेत, न संपणारे प्रवास आहेत. पण मराठी समीक्षेनं त्यांना अद्भुतकथा कधी म्हटलं नाही. रूपककथा म्हटलं, दृष्टान्तकथा म्हटलं, नियतीचं चिंतन म्हटलं. अद्भुत उत्तम साधलं की त्याला दुसरं नाव देऊन वरच्या पंक्तीत बसवायचं आणि उरलेलं सगळं ‘रंजक’ म्हणून खाली ठेवायचं, ही आपली जुनी खोड. याचा परिणाम लेखकांवर झाला, पण त्याहून जास्त वाचकांवर झाला. भयकथा, विज्ञानकथा, अद्भुतकथा आवडीनं वाचणाऱ्या माणसाला आपलं मत चारचौघांत मांडायची सवयच लागली नाही. मराठीत या प्रकारांना लेखक कमी पडले नाहीत, वाचकही नाहीत. कमी पडली ती या वाचनावरची उघड, नोंदलेली, वाद घालणारी चर्चा. आजच्या अवस्थेचं मूळ मला तिथे दिसतं.

हे मी राजोडीत बसून लिहितो आहे आणि या जागेचा विषयाशी संबंध आहे. नालासोपाऱ्याहून पश्चिमेला केळीच्या आणि भाजीच्या वाड्या ओलांडत आलं की हे गाव लागतं. पुढे सुरूचं बन आणि समुद्र. इथली बरीच माणसं रोज विरार लोकलनं मुंबईला जातात, आणि ज्यांना वाचायची सवय आहे ती गाडीतच वाचतात. इथे धारप वाचणारा माणूस शोधावा लागत नाही. वाचनालयातली त्यांची पुस्तकं हाताळून मऊ पडलेली असतात, शिवण सुटलेली, पहिली चार पानं गेलेली. या वाचकांची मतंही पक्की असतात. दुष्टशक्तींशी लढणारे धारपांचे समर्थ येईपर्यंतच गोष्ट घाबरवते, मग नाही, असं एक जण सांगतो. मतकरींचं भूत घरातलंच असतं म्हणून जास्त लागतं, असं दुसरा म्हणतो. नारळीकरांची माणसं सगळी एकाच सुरात बोलतात, अशी तक्रार तिसरी वाचक करते. ही तीन वाक्यं म्हणजे तीन समीक्षालेखांची बीजं आहेत. पण ती अंधेरीला उतरणाऱ्या माणसाबरोबर उतरून जातात. कुठे छापली जात नाहीत, त्यांना उत्तर मिळत नाही, आणि पुढच्या पिढीचा वाचक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

या किनाऱ्याला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी जिथे स्तूप उकरला ते सोपारं राजोडीपासून काही किलोमीटरवर आहे. जातककथांत सुप्पारक नावाच्या आंधळ्या तांडेलाची गोष्ट येते. खाऱ्या पाण्यानं त्याचे डोळे गेलेले. व्यापारी त्याला गळ घालून जहाजावर नेतात, जहाज भरकटतं आणि एकामागून एक अनोळखी समुद्र लागतात. एकात वस्तऱ्यासारख्या नाकाचे मासे उसळतात, एक आगीसारखा पेटलेला असतो, एक दह्यासारखा पांढरा. प्रत्येक वेळी घाबरलेले व्यापारी विचारतात, हा कोणता समुद्र? आणि आंधळा तांडेल त्या समुद्राचं नाव सांगतो. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त हा तांडेल राहायचा ते बंदर म्हणजेच शूर्पारक (आजचं सोपारं), असं म्हटलं आहे. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रश्न आणि उत्तराचा क्रम. समुद्र पाहणारे पुष्कळ असतात. हा कोणता, याच्या आधीचा कोणता, दोहोंत फरक काय, हे सांगणारा लागतो. मराठी भयकथेच्या आणि विज्ञानकथेच्या वाचकाला असा सांगणारा फार क्वचित मिळाला.

हे असं का झालं, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातं. मराठी कादंबरी अद्भुताच्याच मांडीवर वाढली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या तो काळ १८६० च्या आसपासचा. त्याच दशकात ना. स. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली आणि आवडीनं वाचली गेली. मग हरिभाऊ आपटे आले. ‘पण लक्षात कोण घेतो?’नं मराठी वाचकाला स्वतःच्या माजघरातलं दुःख दाखवलं आणि त्या कामाचं मोल कमी करण्याचा प्रश्नच येत नाही. पण वास्तववादाच्या विजयाबरोबर एक समजूत रुजली की अद्भुत ही भाषेच्या बालपणाची गोष्ट आहे, मोठं झालं की ती सोडायची. पुढे पौराणिक कादंबरी आली तेव्हा तिनंही चमत्कार शक्य तेवढे वगळले. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’नं महाभारताकडे माणसांची कथा म्हणून पाहायला शिकवलं. तो ग्रंथ मोठाच आहे. पण त्यानंतर मराठी लेखकाला महाभारतातलं अद्भुत अद्भुत म्हणूनच लिहायचा जरा संकोच वाटू लागला, असं मला दिसतं. ज्या भाषेत वेताळ, समंध, मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा, आसरा असा प्रत्येकाचा वेगळा स्वभाव असलेला भुतांचा गोतावळा आहे, तिच्या प्रतिष्ठित साहित्यात भूत औषधालाही सापडू नये, हे विलक्षण आहे.

मासिकांनी मात्र हा प्रवाह आटू दिला नाही. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ काढलं, नंतर ‘नवल’ आणि ‘मोहिनी’. ‘नवल’नं तर विचित्र, गूढ, अकल्पित अशा कथेला हक्काचं घर दिलं आणि परदेशी कथांचे अनुवादही नेटानं छापले. पुढे ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी रहस्य, गूढ आणि विज्ञान यांना एकत्र नांदवलं. दिवाळी अंक ही मराठीची मोठी मिळकत आहे आणि हे प्रकार तिच्याच बळावर जगले. पण तिच्यातच एक अडचणही आहे. अंक वर्षातून एकदा येतो. कथेवर वाचकाचं पत्र आलं तरी पुढचा अंक वर्षानं, तोवर कथा कुणाच्या लक्षात नसते. देवाणघेवाणीची लयच जमत नाही.

इथे परदेशातलं एक उदाहरण उपयोगी पडेल. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅकनं अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केलं. त्यातल्या पुष्कळ कथा आज कुणी वाचणार नाही. पण त्यानं वाचकांची पत्रं छापली आणि पत्रलेखकांचे पत्तेही छापले. गावोगावचे एकटे वाचक त्या पत्त्यांवरून एकमेकांना लिहू लागले, मग भेटू लागले, मग त्यांची मंडळं झाली. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं आणि १९५३ पासून वाचकांच्या मतांवर ठरणारे ह्यूगो पुरस्कार सुरू झाले. पुढच्या काळात नावाजलेले कितीतरी लेखक या पत्रलेखक पोरांतूनच आले. म्हणजे मतं मांडणारा वाचक हा या प्रकाराचा शेवटचा टप्पा नव्हता, पहिला होता. आपल्या देशात बंगालीनं हे ओळखलं. १९६३ साली अद्रीश बर्धन यांनी ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथेचं मासिक काढलं आणि काही वर्षांतच कोलकात्यात विज्ञानपटांसाठी सिने क्लब उभा राहिला, त्याचे अध्यक्ष होते सत्यजित राय. एवढा मोठा कलावंत या वाचकांबरोबर बसला याचा परिणाम होतोच. त्यांच्या प्रोफेसर शंकूच्या कथा वाचल्याचं बंगाली माणूस अभिमानानं सांगतो. मराठी माणूस धारप वाचल्याचं सांगताना ‘लहानपणी वाचायचो’ अशी पुस्ती जोडतो.

विज्ञानकथेला मराठीत त्यातल्या त्यात बरे दिवस आले, कारण तिच्यामागे एक संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनं कथास्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. ही हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे आणि ती कौतुकानं सांगितली जाते. पण तिच्यात मला दिसते ती एका लेखकाची खऱ्या मताची भूक. जगभर नावाजलेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणून तोलली जावी असं वाटत होतं. आपण नंतर त्यांना ते तोलणं पुरेसं दिलं का?

मला वाटतं, नाही दिलं. नारळीकरांवर प्रेम अमाप झालं, आणि २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा विज्ञानकथेला मोठाच मान मिळाला. (त्याच्या आधीच्या, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते आमच्या शेजारच्या नंदाखालचे. मराठी साहित्याच्या दोन कडेच्या वाटा लागोपाठ मधोमध आल्या, याचा या भागातल्या वाचकाला झालेला आनंद मी पाहिला आहे.) पण नारळीकरांच्या कथांवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं दोन प्रश्नांभोवती फिरत राहिलं. यातलं विज्ञान बरोबर आहे का, आणि यातून वैज्ञानिक दृष्टिकोन रुजतो का? नारळीकरांना स्वतःला हे प्रश्न महत्त्वाचे वाटत, ते रास्तही आहेत. पण ते शिक्षकाचे प्रश्न आहेत. वाचकाचे प्रश्न वेगळे असतात. ‘वामन परत न आला’मध्ये उत्खननात सापडलेल्या पेटीतल्या ज्ञानावरून एक विचार करणारं यंत्र बनतं, आणि त्या यंत्राला स्वतःसारखी आणखी यंत्रं घडवायची असतात. आज, यंत्रं आपल्याशी मराठीत बोलू लागली असताना, ही कादंबरी पुन्हा वाचली तर काय हाती लागतं? माझ्या मते कल्पनेची झेप अजून ताजी आहे, पण वामन या पात्राचं एकटेपण लेखकानं हातचं राखून ठेवलं. त्या यंत्राच्या आत शिरायची संधी होती. लेखकाची सगळी सहानुभूती माणसांच्या बाजूनं राहिली आणि म्हणून कादंबरी उत्तम कूट झाली, शोकांतिका होऊ शकली असती ती राहिली. हे मत चुकीचं असेल. पण ते खोडून काढणारं कुणी भेटावं म्हणून तर ते मांडायचं.

लक्ष्मण लोंढ्यांच्या ‘दुसरा आइनस्टाइन’नं नेमकं ते केलं जे मी वर मागतो आहे. मेंदू टिकला म्हणजे माणूस टिकला का, हा तिथला प्रश्न प्रयोगशाळेतून सुरू होतो आणि देहाच्या, जिव्हाळ्याच्या प्रश्नाशी येऊन थांबतो. सुबोध जावडेकरांच्या ‘आकांत’नं भोपाळची वायुदुर्घटना विज्ञानकादंबरीच्या कक्षेत आणली. विज्ञान म्हणजे भविष्यातली यानं नव्हेत, शेजारच्या कारखान्याची टाकीसुद्धा, ही जाण मराठीत त्या पुस्तकानं ठसवली. ज्या पालघर जिल्ह्यात तारापूरची अणुभट्टी आहे आणि रासायनिक कारखान्यांची वसाहतही आहे, तिथल्या वाचकाला हे पुस्तक जवळचं वाटायला हवं. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकारानं ‘विप्लवा’ लिहिली, आणि साधूंवर बोलताना ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ यांच्यापुढे जाऊन तिच्याबद्दल कितीदा बोललं गेलं? बाळ फोंडके, निरंजन घाटे यांनी हा प्रकार किती मोठ्या प्रमाणावर हाताळला. या सगळ्यांत परस्परफरक काय, कोण कुठे कमी पडतो, कोणाची कोणती कथा जगातल्या चांगल्या विज्ञानकथेशेजारी ठेवावी, याची निवड अजून झालेली नाही. यादी आहे, निवड नाही.

आता भयकथेकडे येतो, कारण माझं मन तिच्यातच जास्त गुंतलेलं आहे. धारपांचा आवाका थक्क करणारा होता. ‘समर्थ’ मालिकेपासून ‘चेटकीण’, ‘ग्रहण’, ‘४४० चंदनवाडी’पर्यंत त्यांनी मराठी मध्यमवर्गीय घराच्या भिंतींना भीतीची भाषा शिकवली. त्यांची मोठी ताकद म्हणजे गद्याचा संयम. भय येण्याआधी ते नेहमीचं घर, नेहमीची नोकरी, नेहमीचं जेवण इतक्या शांतपणे मांडतात की वाचक आपल्या घरात असल्यासारखा स्वस्थ बसतो, आणि मग कुठेतरी एक तपशील किंचित हलतो.

‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वरून घेतलेली, हे आता बहुतेक वाचकांना माहीत असतं. यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, ही उचलेगिरी. दुसरा म्हणतो, आम्हाला मराठीत वाचायला मिळालं हेच पुष्कळ. माझं मत असं की मूळ पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव पुस्तकावर ठळक छापलं पाहिजे, त्यात तडजोड नको. आणि तसं छापलं की मग खरी मजेची चर्चा सुरू होते. पिशाच्चाची युरोपीय कथा क्रूसावर उभी असते. ‘सालेम्स लॉट’मधल्या धर्मगुरूच्या हातातला क्रूस विझतो, कारण त्याची श्रद्धाच डळमळलेली असते. तिथली भीती पिशाच्चाची कमी आणि पोकळ झालेल्या श्रद्धेची जास्त आहे. धारपांच्या एकूण लेखनात दुष्टशक्तीशी लढणारं साधन असतं ते मंत्र, उपासना, आणि अधिकारी पुरुष. गुरू डळमळत नाही. म्हणून समर्थ दारात आले की वाचकाचा जीव भांड्यात पडतो आणि भय निम्मं होतं. मला हा दोष वाटत आला. पण याच गावातल्या एका जाणत्या वाचकानं मला उलट ऐकवलं. तो म्हणाला, धारप वाचायचा तो घाबरण्यासाठी नाही, घाबरल्यावर कुणीतरी येतं हे पुन्हा पुन्हा वाचण्यासाठी. गिरणी बंद पडली त्या वर्षात त्यानं समर्थकथा एकामागून एक वाचल्या होत्या. धारपांच्या लोकप्रियतेबद्दल इतकं नेमकं मी छापलेलं कुठे वाचलेलं नाही.

क्रूसाचा मुद्दा आमच्या वसई तालुक्यात बसून वेगळाच दिसतो. इथल्या वाड्यांत रस्त्याच्या कडेला क्रूस उभे आहेत. दोन नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात आणि मृतांसाठीची प्रार्थना मराठीतून होते. म्हणजे किंगच्या गोष्टीला जो मुलूख लागतो तो मराठीच्या अंगणातच आहे, त्यासाठी काहीही बदलायला नको. शेजारीच कोळीवाडे, त्यांचे समुद्राचे विधिनिषेध, आणि पूर्वेला डोंगराकडे वारली पाडे, त्यांचा वाघदेव, त्यांचा भगत. भीतीच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्था एका तालुक्याच्या परिसरात नांदतात. मराठी भयकथा मात्र पुण्याचा वाडा आणि कोकणातलं कौलारू घर या दोन जागांवरून फारशी हलली नाही. ती का हलली नाही, याची चर्चा झाली असती तर कदाचित ती हललीही असती.

या मुलखात भयकथेला एक जड प्रश्नही विचारावा लागतो. भुताळी ठरवून बाईचा छळ करण्याच्या घटना महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत घडत आल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा राज्यात चेटकिणीची गोष्ट लिहिणं निरागस राहत नाही. पण म्हणून भयकथा अंधश्रद्धा पसरवते, असा सरसकट शिक्का मारणं मला पटत नाही. वाचक भूत मानतो म्हणून भुताची गोष्ट वाचत नाही. विचारायचं ते हे की या गोष्टीत भीती कोणाच्या चेहऱ्यावर रंगवली आहे? एकटी राहणारी म्हातारी, काळी बाई, विधवा, वेडा, परगावचा माणूस हेच वारंवार अमंगळ का ठरतात? मतकरींची सर्वोत्तम गूढकथा या कसोटीला उतरते, कारण तिथे अमंगळ बाहेरून येत नाही. सुस्थितीतल्या घराच्या मत्सरातून, हव्यासातून, दडवलेल्या अपराधातून ते उगवतं. ‘भयकथा’पेक्षा ‘गूढकथा’ हे नाव त्यांना जवळचं वाटलं यात नवल नाही. १७ मे २०२० ला, टाळेबंदीच्या दिवसांत, मतकरी करोनानं गेले. लिहिणारी बहुतेक माणसं तेव्हा घरात अडकलेली होती, तरी त्यांच्या गूढकथांचा सविस्तर लेखाजोखा मांडणारं लेखन माझ्या हाती आलं नाही.

अशी चर्चा काय करू शकते, याची लख्ख जाणीव ‘तुंबाड’नं करून दिली. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला. धारपांच्या गोष्टीतून मिळालेली ठिणगी आणि श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतून आलेलं नाव, दोन्ही मराठीचं देणं. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मधल्या सहा वर्षांत झालं काय? प्रेक्षक बोलत राहिले. हस्तर, त्याचं सोनं, पिठाची बाहुली, हव्यासाची वंशपरंपरा यांवर माणसांनी रात्र रात्र वाद घातले, एकमेकांना पाहायला लावलं. मतांच्या देवाणघेवाणीनं एका पडलेल्या चित्रपटाला उभं केलं. ती चर्चा बहुतांशी हिंदीत आणि इंग्रजीत झाली. धारपांच्या मूळ लेखनाकडे वळलेल्या नव्या वाचकाला मराठीत हात धरून नेणारं फार थोडं होतं. साकेत प्रकाशनानं धारपांची पुस्तकं पुन्हा छापली, ध्वनिपुस्तकंही झाली, पुस्तकं मिळू लागली. पण कुठून सुरुवात करावी, कोणतं आधी आणि कोणतं वगळलं तरी चालेल, हे सांगणारा एखादा सणसणीत लेख हवा होता.

अद्भुतकथेची, म्हणजे स्वतःचं जग रचणाऱ्या कथेची, मराठीतली अवस्था सगळ्यांत नाजूक. टोल्किनची मुद्रिकात्रयी मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं मराठीत आणली. एवढ्या प्रचंड कामाला अनुवाद म्हणून तपासणारं, त्यातली गाणी, नावं, बोलींचे थर कसे उतरले याचा पानापानानं विचार करणारं लेखन व्हायला हवं होतं. हॅरी पॉटर मराठीत आला तेव्हाही हेच. तो वाचणारी पोरं मोठी झाली, इंग्रजीतून वाचू लागली आणि तिथलीच झाली. विलास सारंगांची ‘सोलेदाद’ आणि ‘एन्कीच्या राज्यात’ ही पुस्तकं या तरुण वाचकाच्या हाती कुणी ठेवत नाही, कारण ती ‘नवकथे’च्या, ‘प्रयोगशील’ अशा कप्प्यात बंद आहेत. विचित्र कथांची आवड असलेल्या विशीतल्या मुलीला सारंग आणि जी.ए. दाखवायला हवेत, आणि जी.एं.च्या अभ्यासकानं एकदा तरी धारपांचं गद्य उघडून पाहायला हवं. हे दोन वाचक एकाच गाडीनं प्रवास करतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

मत मांडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दल थोडं. कथानक सांगणं म्हणजे मत नव्हे, आणि रहस्य फोडणं हा तर अपराध. ‘अंगावर काटा आला’ हे मत आहे, पण अर्धं. कोणत्या वाक्यावर आला ते सांगितलं की पुरं होतं. तुलना करावी, आणि ती भाषेच्या आत करावी. मतकरी धारपांशेजारी, लोंढे नारळीकरांशेजारी. मूळ कुठून घेतलं ते माहीत असेल तर निःसंकोच नोंदवावं, आणि तेवढ्यावरच न थांबता बदललं काय ते पाहावं. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल लिहून ठेवावं. धारपांच्या पुष्कळ पुस्तकांबाबत कालक्रम लावणंही वाचकाला सोपं नाही, आणि कालक्रमाशिवाय लेखकाची वाढ कळत नाही. न आवडलेलं तितक्याच निगुतीनं लिहावं. या प्रकारांचे चाहते आधीच उपेक्षेनं हळवे झालेले असतात, त्यामुळे टीका म्हटली की त्यांना अपमान वाटतो. पण ज्या लेखनावर कठोर बोलता येत नाही ते लेखन आपण मनातून मोठं मानलेलंच नसतं.

लिहिणारी नवी मंडळी आहेत. मोबाइलवर ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठी भयकथा रोज येतात आणि झपाट्यानं वाचल्या जातात. त्यातल्या पुष्कळ कच्च्या असतात. प्रत्येक कथेखाली ‘छान’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ एवढंच मिळत राहिलं तर त्या कच्च्याच राहतील. त्या लिहिणाऱ्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं की तुझी अमावास्येची रात्र धारपांनी अनेकदा लिहून झाली आहे, तुझ्या स्वतःच्या इमारतीतल्या पाण्याच्या टाकीवर लिही. रात्रीच्या शेवटच्या विरार गाडीवर लिही. टँकरची वाट पाहणाऱ्या चाळीवर लिही.

दिवाळी अंकांच्या संपादकांकडे माझं एक मागणं आहे. गूढ-विज्ञान विशेषांकाची सोळा पानं वाचकांच्या पत्रांना द्यावीत, गेल्या वर्षीच्या कथांवरच्या. पत्रं सहाशे शब्दांपर्यंतची असावीत, लेखकाचं उत्तर शेजारी छापावं, आणि अंक येण्याआधी चार महिने वाचकांना तसं कळवावं. राजोडीतून पत्रं मिळतील याची मी खात्री देतो. पहिलं ‘वामन’वर असेल आणि दुसरं समर्थांच्या बाजूनं, माझ्या विरोधात.